सीडी ड्राइव्ह नाही? पेनड्राइव्ह आहे ना!

माळ्यावर पडलेला दादाचा जुना लॅपटॉप भंगारात काढताय? थांबा जरा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, सीडी ड्राइव्हही नाही, म्हणून तो बाद होत नाही. प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी रॅमवरही चालते. ४ असेल तर मस्तच!

दुसऱ्या कॉम्प्युटरवर मिंटची आयएसओ फाइल उतरवा. ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून भागत नाही, बहुतेकांची गाडी इथेच अडते. रूफस या फुकटातल्या सॉफ्टवेअरने ती त्यावर लिहावी लागते. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

लॅपटॉप सुरू होताना एफ १२ (एचपी असेल तर एफ ९) दाबत राहा, यूएसबी निवडा. इन्स्टॉल न करताच मिंट उघडेल. वाय-फाय, आवाज तपासा. पटलं तरच पुढे.

'इरेज डिस्क' दिसलं की मात्र हात आवरा. आतले फोटो कुठे कॉपी केलेत का? माझे दहावीच्या सहलीचे सगळे त्या एका क्लिकमध्ये गेले. आणि चार्जर लावूनच बसा, असल्या बॅटऱ्या मध्येच मान टाकतात.