लिंक्डइनवरील वाचकवर्ग

देवगडच्या एखाद्या बागाईतदारानें 'आमचा हापूस अस्सल' असें लिंक्डइनवर रोज लिहिलें, तर त्याचा वाचकवर्ग वाढेल काय? मला तसें वाटत नाहीं. २००३ सालीं सुरू झालेलें हें व्यावसायिकांचें संकेतस्थळ. तेथें मंडळी कामापुरती येतात. नातीं दोन प्रकारचीं. 'संपर्क' उभयतांच्या संमतीनें जुळतो, व त्याला ३०,००० ची मर्यादा आहे. अनुयायी मात्र आपण होऊन येतो. वाचक वाढावयाचे ते या दुसऱ्या वाटेनें.

मग लिहावें काय? साक्याविषयीं लिहावें! हापूसच्या गरांतील ही पांढरट, आंबूस विकृति बाहेरून दिसत नाहीं. फळ कापल्यावरच कळते. विकणारा तिच्याविषयीं बहुधा मौन पाळतो. चौदा आणे तयार झालेलेंच फळ आपण कां उतरवितों (आणे गेले, पण कोंकणांत आंब्याची पक्वता अजून आण्यांतच मोजतात), तापलेल्या जमिनीच्या झळेपासून तें कसें जपतों, हें त्यानें छायाचित्रांसह सांगितलें, तर मुंबईचा निर्यातदार थांबून वाचील, शंका विचारील. तिला सविस्तर उत्तर द्यावें. असा संवाद त्या निर्यातदाराच्या परिचितांनाहि दिसूं शकतो, आणि अनोळखी वाचक पुष्कळदां याच मार्गानें येतो.

हंगाम सरल्यावर लेखणी खालीं ठेवूं नये. छाटणी आहे, मोहोरावरचा तुडतुडा आहे. भाषेचीहि अडचण नाहीं. २०२४ पासून हें स्थळ मराठींतून वापरतां येतें. परदेशस्थ ग्राहकासाठीं शेवटीं चार ओळी इंग्रजींत जोडाव्या.