राखेच्या तलावात पावसाला जागा किती उरली, हे कोण मोजते?

पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट येते. अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर किती टक्के भरले. यातले मध्य वैतरणा आमच्या मोखाडा तालुक्यातले. (पाणी मुंबईला आणि खोडाळा भागातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर, हा विषय पुन्हा कधीतरी.) भरलेला आकडा पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. पण खाणीचा गाळ किंवा वीजकेंद्राची राख साठवणाऱ्या तलावात पाहायची असते ती रिकामी जागा.

१६ जुलै २०२२ रोजी मुसळधार पावसात नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला. राखेचे पाणी शेतांत शिरले, कोलार नदीत उतरले आणि नागपूरला पाणी पुरवणाऱ्या कन्हानपर्यंत पोहोचले.

हिशोब साधा आहे. तलाव १०० हेक्टरचा असेल आणि दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला, तर नुसते आभाळातून २ लाख घनमीटर, म्हणजे २० कोटी लिटर पाणी येते. एवढी जागा पावसाआधी मोकळी हवी. शिवाय लाटांसाठी बांधाचा माथा पाण्याच्या वर राहिला पाहिजे. धरणात गाळ साचायला वर्षे लागतात, राख मात्र रोज येते. म्हणून काठावरची मोजपट्टी फसवते. पाण्याची पातळी गेल्या वर्षीइतकीच दिसते, पण राखेचे ढीग पाण्याबाहेर वर आलेले असतात आणि पुराची जागा त्यांनीच खाल्लेली असते. त्यात बांध टप्प्याटप्प्याने आतल्या बाजूला, साचलेल्या राखेवरच उंच करत नेला, तर प्रत्येक टप्प्याला तलाव आक्रसतो. त्यामुळे दरवर्षी पावसाआधी राखेच्या पृष्ठभागाची आणि माथ्याची नव्याने मोजणी करावी लागते, बांधाच्या पोटातली पाण्याची पातळीही तपासावी लागते.

दक्षिण आफ्रिकेतल्या मेरीस्प्रूटला २२ फेब्रुवारी १९९४ च्या संध्याकाळी वादळी पाऊस झाला. सोन्याच्या खाणीच्या गाळतलावात पुरेशी मोकळी जागा नव्हती. पाणी बांधावरून गेले, बांध फुटला आणि खालच्या वस्तीतली १७ माणसे गेली.

पुरासाठी जागा राखून ठेवणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रममंत्री असताना दामोदर खोऱ्याची योजना आकाराला आली, ती १९४३ च्या पुरानंतरच. पण २०२१ चा धरण सुरक्षा कायदा धरणाची व्याख्या नदीवर पाणी अडवणारा बांध अशी करतो. राखेचे तलाव त्या व्याख्येत सहजी बसत नाहीत. ही पळवाट बुजवली पाहिजे, असे माझे मत आहे.

तोवर बांधाखालच्या गावांनी मे महिन्यातल्या ग्रामसभेत ठराव करून तीन आकडे लेखी मागावेत: शेवटची मोजणी कोणत्या तारखेची, आज रिकामी जागा किती घनमीटर, आणि ती किती मिलिमीटर पावसाला पुरेल. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, पण त्याला ३० दिवस लागू शकतात, आणि पाऊस ७ जूनच्या आसपास येतो.