टकटक! आत कोणी आहे का?

मुलांनो, दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी घरात काय धांदल उडते, ते तुमच्या ताई-दादांना विचारा. बैठक क्रमांक टाकून झाला, आईचं नाव टाकून झालं, बटण दाबलं आणि पडद्यावर नुसतंच चक्र गरगरतंय! मग घरातलं कोणीतरी जाणत्या माणसासारखं म्हणतं, "सर्व्हर डाऊन असणार." झालं! निदान झालं, आता बसा वाट पाहत.

पण "सर्व्हर डाऊन" हे काही रोगाचं नाव नव्हे. "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखंच ते. डॉक्टर तेवढ्यावर औषध देतील का? ते विचारतात, कुठे दुखतंय, कधीपासून, दाबल्यावर दुखतं का? दूरच्या कॉम्प्युटरशी तुटलेलं बोलणं जोडून देणारी माणसंही अगदी हेच करतात. फरक एवढाच, की त्यांचा रोगी शेकडो मैल लांब असतो. त्याची नाडी धरता येत नाही. दार वाजवायचं आणि आतून कसं उत्तर येतं ते कान देऊन ऐकायचं!

आधी सर्व्हर म्हणजे कोण ते पाहू. सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपी. मागाल ते आणून देणारा. पण जिलबी काही त्याच्या खिशात नसते, बरं का! ती असते कोठीघरात. हे कोठीघर म्हणजे डेटाबेस. लाखो मुलांचे गुण तिथे नीट रचून ठेवलेले असतात. आता पाहा, निकालाचं पान झटकन उघडलं, पण गुण काही येईनात, तर वाढपी जागेवर आहे, बहुधा कोठीघराशीच त्याचं जमत नाहीये. आणि पानच उघडलं नाही, तर आपण वाढप्यापर्यंतसुद्धा पोचलेलो नाही. दोन्ही वेळा आपण उपाशीच! पण दुखणं मात्र निराळं.

हा वाढपी राहतो एका प्रचंड वाड्यात. वाड्याला दारं किती? ६५,५३५! प्रत्येक दाराला क्रमांक. या दारांना म्हणतात पोर्ट. वेबसाईटची सुरक्षित पानं देणारा बसतो ४४३ क्रमांकाच्या दारामागे. मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस ३३०६ च्या मागे, तर पोस्टग्रेस नावाचा ५४३२ च्या मागे. दुरून कॉम्प्युटरची व्यवस्था पाहणाऱ्या इंजिनिअरांचं दार २२ क्रमांकाचं. त्या दारातून आत जाण्याची एसएसएच नावाची पद्धत फिनलंडच्या टाटू इलोनेन यांनी १९९५ साली तयार केली. त्याआधीच्या पद्धतींत पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडाच जायचा. वाटेत कोणीही वाचावा!

तर समजा, आपण ५४३२ क्रमांकाचं दार वाजवलं. काय काय होऊ शकेल?

कधी आपण वाड्यापर्यंतही जात नाही. "या नावाचा पत्ताच सापडत नाही" असा निरोप येतो. कॉम्प्युटर एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, आपण मात्र नावांनी. नावावरून आकडा शोधून देणारी एक टेलिफोन डिरेक्टरी असते, तिला डीएनएस म्हणतात. नाव लिहिताना आपण एखादं अक्षर चुकलो किंवा डिरेक्टरीच मिळेना, तर वाड्याला दोष कसा द्यायचा?

कधी दार वाजवताच तडक उत्तर येतं, "जोडणी नाकारली!" ऐकून वाईट वाटतं खरं, पण विचार करा, नाही म्हणायला तरी कोणीतरी आहे ना? म्हणजे बहुतेक वेळा रस्ता ठीक आहे, वाडा जागा आहे, फक्त त्या दारामागे कोणी बसलेलं नाही. पोस्टग्रेसचं तर असं असतं, की नवा नवा बसवला की तो फक्त स्वतःच्या वाड्यातल्या माणसांचंच ऐकतो. बाहेरच्याने कितीही दार ठोठावलं तरी दाद नाही! याला बिघाड म्हणू नका, ही सावधगिरी आहे. बाहेरच्यांचं ऐक असं त्याला मुद्दाम सांगावं लागतं. शिवाय कोणी, कुठून, कोणत्या कोठीत जायचं याची एक यादीही त्याच्याजवळ असते. त्या यादीत नाव नसेल, तर दारातूनच परत!

आणि कधी काहीच उत्तर येत नाही. आपण थांबतो, थांबतो, आणि शेवटी आपलाच कॉम्प्युटर कंटाळून म्हणतो, "वेळ संपली." ही शांतता फार फसवी. कदाचित वाडा बंद असेल, कदाचित रस्ता तुटला असेल. नाहीतर वेशीवरच्या पहारेकऱ्याने, म्हणजे फायरवॉलने, आपला निरोप मुकाट्याने फेकून दिला असेल. नकार आणि मौन यांतला हा फरक ज्याला कळला, त्याचं अर्धं काम झालं, असं मला वाटतं.

"पासवर्ड चुकीचा आहे" असं उत्तर आलं तर? नाक मुरडू नका. ती तर आनंदाची बातमी! पत्ता बरोबर, रस्ता बरोबर, दार बरोबर. आता फक्त किल्ली शोधायची.

वाडा जागा आहे का हे विचारण्याचं एक छोटंसं साधन आहे. त्याचं नाव पिंग. अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माईक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये, त्यांच्या नेटवर्कने त्रास दिला म्हणून, एका संध्याकाळीच ते लिहून काढलं. पाणबुडीतलं सोनार यंत्र (दागिने घडवणारा सोनार नव्हे हं!) आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतं, त्या आवाजावरून हे नाव. गंमत अशी, की पिंग पहिल्यांदा चालवण्याआधीच म्यूस यांच्या एका सहकाऱ्याला तो बिघाड सापडला होता!

त्यांनीच सांगितलेला एक किस्सा तर फार मजेचा आहे. एका इंजिनिअरच्या इमारतीत नेटवर्क मधूनमधून तुटायचं. त्याने पिंगचं प्रत्येक उत्तर आलं की कॉम्प्युटरने "पिंग" असं बोलावं, अशी सोय केली. ती जोडली ऑफिसातल्या स्टीरिओला आणि आवाज केला मोठा. "पिंग, पिंग, पिंग" असा गजर चाललेला आणि हा पठ्ठ्या इमारतभर एकेक केबलचा जोड हलवत फिरतोय. एका जोडापाशी आवाज थांबला. सापडला चोर!

घरच्या कॉम्प्युटरवर आई-बाबांना बरोबर घेऊन तुम्हीही हे करून पाहा. काळ्या खिडकीत 'पिंग' लिहून पुढे १२७.०.०.१ हा पत्ता द्या. हा पत्ता म्हणजे "मी स्वतः"! विंडोज असेल तर चार वेळा उत्तर येईल. मग घरातल्या राऊटरचा पत्ता द्या, मग बाहेरच्या एखाद्या ओळखीच्या वेबसाईटचा. उत्तर जिथे थांबेल, त्याच्या अलीकडेपलीकडे शोध घ्यायचा. मात्र काही पहारेकरी पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, म्हणून एवढ्यावरून वाडा ओस पडला असं ठरवू नका. आणि दुसऱ्यांच्या वाड्यांची दारं उघडायला जाऊ नका. तो आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा होऊ शकतो.

काही लोक बोलणं तुटलं रे तुटलं, की सगळं बंद करून पुन्हा चालू करतात, चार सेटिंगा एकदम बदलतात. मला हे मुळीच पटत नाही. चालू झालं तर का झालं ते कळत नाही, आणि नाही झालं तर आधीच्या खुणाही पुसलेल्या!

मोठमोठ्यांनाही हे दुखणं चुकत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला, आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते, तेव्हा फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर एकदम गप्प झाले. कित्येक घरांत फोन बंद-चालू करून झाले, वायफायला बोल लावून झाले. पण दोष आपल्या घरात नव्हताच. नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या मोठ्या केंद्रांना जोडणारे सगळे रस्ते बंद पडले होते. अशी आज्ञा अडवणारा तपासनीस प्रोग्राम होता, पण त्यातच चूक निघाली! मग कंपनीच्या डिरेक्टऱ्यांना वाटलं, आपलंच काहीतरी बिघडलंय, आणि त्यांनी इंटरनेटला आपल्याकडे येण्याची वाट सांगणंच थांबवलं. वाडे शाबूत, कोठ्या भरलेल्या, पण गावाच्या नकाशावरून वाटच पुसलेली!

इंजिनिअरांनी दुरून आत शिरायचं म्हटलं, तर त्यांची वाटही तीच. ती बंद! शेवटी माणसं प्रत्यक्ष केंद्रावर धाडावी लागली. तिथेही चोर शिरू नये म्हणून बंदोबस्त कडक, त्यामुळे आत जाऊन यंत्रांना हात लावेपर्यंत बराच वेळ गेला. बरं, रस्ता दुरुस्त झाल्यावर सगळं एकदम सुरू करायची सोय नव्हती. केंद्रांचा वीजवापर एकाएकी खाली आला होता, तो तसाच एकाएकी वर गेला असता तर विजेची यंत्रणाच धोक्यात आली असती. म्हणून एकेक सेवा बेताबेताने चालू केली. आपल्याकडे तोवर पहाट झाली होती.