प्रयोगशाळेपासून गोठ्यापर्यंत

विद्यापीठात चालणाऱ्या संशोधनाचा सामान्य माणसाच्या संसाराला उपयोग काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा तक्रारीच्या सुरात विचारला जातो, आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी एकट्या संशोधकावर टाकून आपण मोकळे होतो. परंतु ज्याने उमेदीची वर्षे एखाद्या द्रव्याचे पृथक्करण करण्यात वेचली, त्याच्याच अंगी कारखानदाराशी करारमदार करण्याचे चातुर्य, शेतकऱ्याच्या बांधावर बसून बोलण्याची हातोटी आणि पेटंटाच्या कायद्याची जाण असावी, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे. शोध लावणे हे एक काम आणि तो लोकांच्या उपयोगी पडेल असे करणे हे दुसरे, तितक्याच कष्टाचे काम. हे दुसरे काम कोणी करावे आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडावा, याविषयी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने पिढ्यान्‌पिढ्या जी खटपट केली, ती म्हणूनच बारकाईने पाहण्याजोगी आहे.

विस्कॉन्सिन हा दूधदुभत्याचा प्रांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील लोणी व चीज करणारे कारखाने शेतकऱ्याला दुधाचे मोल निव्वळ वजनावर देत असत. त्यामुळे जो पाणी मिसळील किंवा आधीच साय काढून घेईल त्याची चंगळ, आणि जो निर्भेळ दूध आणून घालील त्याला तोटा, असा उफराटा न्याय राजरोस चालू होता. १८८८ साली कृषिरसायनाचे प्राध्यापक म्हणून आलेल्या स्टीफन बॅबकॉक यांच्याकडे हे दुखणे सोपविण्यात आले. दुधातील स्निग्धांश मोजण्याच्या पद्धती तेव्हा नव्हत्या असे नाही. पण त्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातच्या होत्या, कारखान्यातील गड्याच्या हातच्या नव्हत्या. बॅबकॉक यांनी प्रथम बसविलेली पद्धत विद्यापीठाच्या गोठ्यातील सर्व गाईंच्या दुधाला लागू पडली, पण एका गाईच्या दुधाला काही केल्या लागू पडेना. तेव्हा वरिष्ठांचा आग्रह असूनही ती प्रसिद्ध करण्यास त्यांनी नकार दिला आणि पुन्हा आरंभापासून काम सुरू केले. जी पद्धत शेतकऱ्याच्या पैशाचा निवाडा करणार, तिला एकही गाय अपवाद असता कामा नये, ही त्यांची निष्ठा मला त्यांच्या शोधाइतकीच मोलाची वाटते.

१८९० साली त्यांनी जी कसोटी जाहीर केली ती अशी: लांब मानेच्या बाटलीत मोजून दूध घ्यायचे, जवळजवळ तितकेच तीव्र गंधकाम्ल त्यात ओतायचे, म्हणजे स्निग्धांशाखेरीज बाकीचे सारे घटक त्यात विरघळून जातात, मग बाटली यंत्रात गरगर फिरवून गरम पाणी घालायचे, की सुटा झालेला स्निग्धांश मानेत वर चढतो, आणि त्या मानेवरील रेघांवरून शेकडा प्रमाण कोणालाही वाचता येते. या शोधाचे पेटंट बॅबकॉक यांनी घेतले नाही. तरीही तो गावोगाव पोचला, याचे श्रेय केवळ त्यांच्या औदार्याला देणे अपुरे ठरेल. कारण त्याच सुमारास विद्यापीठाने कारखान्यातील कामगारांसाठी हिवाळी वर्ग उघडले होते, आणि तेथे शिकून परतलेला प्रत्येक माणूस ती कसोटी आपल्याबरोबर गावी घेऊन गेला. आपल्याकडच्या दूध संकलन केंद्रावर ‘फॅट’ पाहून दर ठरविण्याची जी वहिवाट आहे, तिच्यामागील न्याय हाच. आपल्याकडे बराच काळ प्रचलित असलेली गर्बर पद्धत ही स्वित्झर्लंडमधील, पण याच तत्त्वावरील आणि याच काळातील.

पेटंट न घेण्याची दुसरी बाजूही लवकरच दिसून आली. कसोटीची उपकरणे कोणीही बनवू लागला आणि सदोष काचसामानावर विद्यापीठाचा अंकुश राहिला नाही. म्हणून त्याच विद्यापीठातील हॅरी स्टीनबॉक यांना जेव्हा अतिनील किरणांनी खाद्यपदार्थांतील ‘ड’ जीवनसत्त्व वाढते, आणि त्यायोगे मुलांचा मुडदूस टळू शकतो, असे आढळले, तेव्हा त्यांनी पदरचे पैसे खर्चून पेटंटाचा अर्ज केला, एका मोठ्या कंपनीचा भरघोस देकार नाकारला, आणि माजी विद्यार्थ्यांच्या सहकार्याने १९२५ साली एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापून पेटंटाचे उत्पन्न पुन्हा संशोधनाकडेच वळेल अशी तजवीज केली. ही योजना दूरदृष्टीची होती, परंतु निर्दोष नव्हती. लोण्याच्या धंद्याला धक्का लागू नये म्हणून गरिबांच्या स्वस्त मार्गारिनला या प्रक्रियेची परवानगी देण्याचे टाळण्यात आले, आणि पुढे न्यायालयाने ती पेटंटे रद्दबातल ठरविली. जी संस्था लोकहिताच्या नावाने उभी राहते, तिने कोणत्या लोकांचे हित, हे आधी स्पष्ट केले पाहिजे.

याच प्रतिष्ठानाशी निगडित असलेली तिसरी हकिगत मला सर्वांत बोधप्रद वाटते. १९३३ च्या फेब्रुवारीत, हिमवादळाच्या दिवशी, एक शेतकरी मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची बरणी आणि कुजट गवताचा भारा ट्रकमध्ये घालून दूरवरून विद्यापीठाच्या गावी, मॅडिसनला आला. शनिवार असल्यामुळे सरकारी पशुवैद्याचे दप्तर बंद होते; म्हणून जे दार उघडे दिसले ते त्याने ठोठावले, आणि ते निघाले कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेचे. बुरसटलेल्या ‘स्वीट क्लोव्हर’ गवतामुळे जनावरे रक्तस्राव होऊन मरतात, एवढे पूर्वीच ठाऊक झाले होते. म्हणून ते गवत घालू नका, एवढेच लिंक त्याला सांगू शकले. तो निराश होऊन परतला. पण त्या रक्ताने प्रयोगशाळेला असे काही झपाटले की १९३९ साली त्या कुजट गवतातील कारक द्रव्य, डायक्युमरॉल, शुद्ध स्फटिकरूपात हाती आले. त्याच कुळातील एक संयुग १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. खर्च सोसणाऱ्या प्रतिष्ठानाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव वॉरफरिन पडले, आणि काही वर्षांतच तेच रक्ताच्या गाठी रोखणारे औषध म्हणून माणसांना दिले जाऊ लागले. हृदयाची कृत्रिम झडप बसविलेल्या असंख्य रुग्णांचा जीव आज त्या गोळीवर आहे.

या साऱ्या घटनाक्रमात योगायोगाचा भाग किती मोठा होता, हे मात्र विसरता येत नाही. ते दप्तर उघडे असते, किंवा प्रयोगशाळेचे दार बंद असते, तर हा धागा तेथेच तुटला असता. बाहेरच्या माणसाचा प्रश्न योग्य संशोधकापर्यंत नेणारा, आणि संशोधकाचे उत्तर बाहेरच्या माणसाला समजेल अशा रूपात परत आणणारा, असा जाणता मनुष्य नेमणे हाच या योगायोगावरील उपाय होय. आपल्याकडे याची परंपरा अगदीच नाही असे नाही. १९६० पासून देशात जी कृषी विद्यापीठे उभी राहिली, ती अमेरिकेतील अशाच विद्यापीठांच्या धर्तीवर. अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कार्ये एकाच छत्राखाली असावीत हा त्यांचा पाया. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील आपली चारही कृषी विद्यापीठे त्याच घडणीची आहेत. परंतु इतर विद्यापीठांत, रसायनशास्त्र असो, समाजशास्त्र असो किंवा भाषाशास्त्र, विस्ताराचा असा हक्काचा विभाग क्वचितच आढळतो; आणि प्राध्यापकाने गावच्या पाण्याच्या प्रश्नावर दोन वर्षे घालविली, तरी बढतीच्या वेळी मोजले जातात ते छापील निबंधच.

म्हणून विद्यापीठांच्या कारभाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी बढतीच्या नियमांत या कामाची रीतसर नोंद घेण्याची तरतूद करावी, प्रत्येक विद्यापीठात बाहेरून येणाऱ्या प्रश्नांची दखल घेणारा एक जाणता अधिकारी पूर्ण पगारावर नेमावा, आणि त्याचे दप्तर शनिवारीही उघडे ठेवावे.