सर्किट ट्रेनिंग : व्यायामातील वैविध्य आणि व्यक्तिगत मात्रा

प्रस्तावना :
महाविद्यालयाचे मैदान हे संघात निवड झालेल्या खेळाडूंचेच असते, अशी समजूत विद्यार्थ्यांमध्ये रूढ आहे. शारीरिक शिक्षणाच्या तासिकेला सर्वांना एकाच वेळी धावावयास लावले की सशक्त विद्यार्थी पुढे निघून जातात, इतर मागे पडतात आणि काही आठवड्यांत मैदानाच्या कडेला उभे राहून केवळ पाहू लागतात. त्याच त्या व्यायामाचा कंटाळा हे या गळतीचे एक कारण आहेच; परंतु इतरांशी होणारी तुलना हेही तितकेच महत्त्वाचे कारण होय. या दोन्ही अडचणींवर सर्किट ट्रेनिंग ही पद्धत उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात तिचे स्वरूप, तिच्यामागील तत्त्व व तिची आखणी यांचा विचार केला आहे.

उगम व संकल्पना :
१९५३ मध्ये इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात आर. ई. मॉर्गन आणि जी. टी. ॲडमसन यांनी ही पद्धत विकसित केली. मैदानावर किंवा व्यायामशाळेत ९ ते १२ स्थानके वर्तुळाकार मांडली जातात. प्रत्येक स्थानकावर एक ठरावीक व्यायाम असतो. तो करून विद्यार्थी पुढील स्थानकाकडे जातो आणि सर्व स्थानके पार केल्यावर एक फेरी पूर्ण होते.

या पद्धतीचा गाभा व्यायामाच्या मात्रेत आहे. प्रत्येक व्यायामाची कमाल आवर्तने आधी मोजून त्यांच्या निम्मी आवर्तने हीच त्या विद्यार्थ्याची मात्रा ठरते. एखादा विद्यार्थी ३० सेकंदांत २४ बैठका काढत असेल तर त्याने १२ काढावयाच्या. दुसरीला १० जमत असतील तर तिने ५ काढावयाच्या. दोघेही एकाच फेरीत, एकाच वेळी व्यायाम करतात; परंतु प्रत्येकाची स्पर्धा स्वतःच्या मागील नोंदीशी असते.

शास्त्रीय तत्त्व :
एकाच स्नायूगटाला लागोपाठ काम दिल्यास तो लवकर थकतो व व्यायाम थांबवावा लागतो. म्हणून पाय, हात आणि धड यांचे व्यायाम आलटून पालटून घेतले जातात. एक गट काम करीत असताना दुसऱ्यास विश्रांती मिळते. हृदय व फुप्फुसांचे कार्य मात्र सतत वाढलेले राहते. त्यामुळे स्नायूंचा दमदारपणा व हृदय-श्वसनक्षमता या दोहोंना एकाच तासिकेत चालना मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल व किमान दोन दिवस स्नायूबळकटीचे व्यायाम करणे आवश्यक आहे. या दोन्ही गरजांना ही पद्धत हातभार लावते.

तासिकेची आखणी :
४० विद्यार्थ्यांच्या वर्गासाठी १० स्थानके मांडल्यास प्रत्येक ठिकाणी चारच विद्यार्थी असतात. त्यांचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल : (१) दोरीउड्या, (२) जोर, (३) बैठका, (४) सिट-अप्स, (५) शटल रन, (६) जोडीने मेडिसिन बॉल फेकणे, (७) पालथे पडून धड उचलणे, (८) पायरीवर चढ-उतार, (९) बाकाच्या आधाराने डिप्स, (१०) प्लँक. यासाठी चार दोऱ्या, दोन मेडिसिन बॉल, एक लांब बाक आणि एखादी पायरी एवढे साहित्य पुरते. प्लँकची मात्रा आवर्तनांऐवजी सेकंदांत मोजावी.

३० सेकंद व्यायाम आणि ३० सेकंद स्थानक बदलणे व विश्रांती, असे धरल्यास एक फेरी १० मिनिटांत होते. ४५ मिनिटांच्या तासिकेत १० मिनिटे उत्तेजक व्यायाम, दोन फेऱ्यांची २० मिनिटे, मधील ३ मिनिटांची विश्रांती आणि ५ मिनिटांचे शिथिलीकरण वजा जाता हजेरी व नोंदीसाठी ७ मिनिटे उरतात. शिट्टी सर्वांसाठी एकच असावी. ज्याची मात्रा आधी पूर्ण होईल त्याने शिट्टी होईपर्यंत थांबावे.

वैविध्य कसे आणावे ? :
वैविध्याच्या हौसेपोटी दर आठवड्यास सर्व व्यायाम बदलल्यास प्रगती मोजण्याचे साधनच नाहीसे होते. म्हणून एक आराखडा साधारण चार आठवडे कायम ठेवावा. त्यानंतर पुन्हा चाचणी घेऊन नवी मात्रा ठरवावी आणि पाय, हात व धड यांचे प्रत्येकी एकच स्थानक बदलावे. बास्केटबॉलचे ड्रिब्लिंग यांसारखे खेळातील कौशल्यही एखाद्या स्थानकावर ठेवता येते. व्यायाम व विश्रांतीचे प्रमाण बदलूनही नावीन्य आणता येते. मात्र विश्रांती सावकाश कमी करावी.

मर्यादा व दक्षता :
कमाल शक्ती वाढविण्यासाठी जड वजनांचे प्रशिक्षण आणि दीर्घ पल्ल्याच्या दमदारपणासाठी धावण्याचा सराव यांची जागा ही पद्धत घेऊ शकत नाही. दमा, हृदयविकार वा सांध्यांचा त्रास असलेल्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. घाईत शरीरस्थिती बिघडल्यास ते आवर्तन मोजू नये. उन्हाळ्यात तासिका सकाळी घ्यावी व पाण्याची सोय ठेवावी.

समारोप :
सर्किट ट्रेनिंगमुळे कंटाळा कमी होतो, हा तिचा दृश्य लाभ होय. परंतु पाच बैठकांपासून सुरुवात करणारी विद्यार्थिनी महिन्याने सात बैठका काढते आणि तिच्या वहीत त्याची नोंद होते, हा अधिक मोलाचा लाभ आहे. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास आत आणावयाचे असेल, तर व्यायामाच्या वैविध्याइतकेच त्याच्या मात्रेकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.