सोलरचे दरपत्रक : आकड्याच्या आधी काय पाहावे?

पूर्वी घरोघरी तांब्याचे बंब असत. बंब गळू लागला की तो तांबटाकडून सांधून आणला जाई. नवा बंब घेण्याचा प्रसंग एखाद्या पिढीत एकदाच येई. पुणे, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या शहरांत बंबाची जागा आता गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरने घेतली आहे. तो शांतपणे वर्षानुवर्षे काम करतो, त्यामुळे त्याची आठवण बहुधा पाणी गार येऊ लागल्यावरच होते. मग कारागीर येतो, गच्चीवर एक नजर टाकतो आणि 'दुरुस्तीत आता अर्थ नाही, नवाच बसवा' असे सांगून जातो. संध्याकाळपर्यंत पाच आकडी रकमेचे दरपत्रक हाती पडते. थंडीचे दिवस असतात, घरात वृद्ध माणसे किंवा तान्हे मूल असते आणि निर्णय दोन दिवसांत घ्यायचा असतो. अशा घाईत मोजलेली रक्कम रास्त होती की नाही, हे अनेक ग्राहकांना कधीच कळत नाही. वास्तविक थोडी माहिती आणि साधे अंकगणित यांच्या आधारे ते आधीच ताडून पाहता येते.

आधी निदान, मग दर

दरपत्रक रास्त आहे का, या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न येतो. नवी यंत्रणा खरोखर हवी आहे का? सोलर हीटरचे मुख्य भाग तीनच. ऊन शोषणाऱ्या काचेच्या नळ्या किंवा तांब्याचे सपाट पॅनेल, गरम पाण्याची टाकी आणि या दोहोंना घराशी जोडणारे पाइप. यांपैकी एक बिघडला म्हणून तिन्ही बदलावे लागत नाहीत.

नळ्यांची परीक्षा ग्राहकाला स्वतःच करता येते. दुहेरी काचेच्या नळीच्या बंद टोकाशी आतून चंदेरी थर असतो. नळीतील निर्वात पोकळी शाबूत असेपर्यंत तो चकचकीत राहतो. हवा आत शिरली की तो पांढुरका, दुधाळ दिसू लागतो. वीस नळ्यांपैकी तीनच पांढुरक्या झाल्या असतील, तर तीनच बदलाव्यात. नळ्या सुट्या मिळतात. सपाट पॅनेलमध्ये बहुधा आतल्या तांब्याच्या नळ्यांत क्षार साचतात. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या वसाहतींत हा अनुभव नित्याचा आहे. सौम्य आम्लाने धुऊन क्षार काढता येतात आणि बारीक गळती सांधता येते.

आणखी एक बिघाड गच्चीवर दिसतच नाही. न्हाणीघरातील मिक्सर नळाचा पडदा खराब झाला किंवा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह निकामी झाला, तर गार पाणी गरम पाण्याच्या पाइपमध्ये शिरते. गार पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप असेल, तर हे हमखास घडते. टाकीत पाणी कढत असते आणि नळाला मात्र कोमट येते. याची चाचणी सोपी आहे. सोलरच्या टाकीत येणारे गार पाणी व्हॉल्व्हने बंद करावे आणि घरातील गरम पाण्याचा नळ सोडावा. थोड्या वेळात धार थांबली पाहिजे. ती गार होऊन वाहतच राहिली, तर दोष घरातील नळाचा आहे. अशा घरात नवा सोलर बसवला तरी पाणी कोमटच येणार.

टाकीचे आतले भांडेच गळू लागले असेल, तर मात्र बदल अटळ मानावा. पातळ पत्र्यावरचे वेल्डिंग फार काळ टिकत नाही. तरीही पॅनेल किंवा नळ्या चांगल्या असल्यास केवळ टाकीचे वेगळे दरपत्रक मागावे. जी व्यक्ती नेमका कोणता भाग बिघडला, हे लेखी देण्यास तयार नाही, तिच्या आकड्यावर विसंबू नये.

किती लिटर पुरेसे?

दर फुगण्याचे पहिले कारण गरजेपेक्षा मोठी यंत्रणा हे असते. वीस लिटरच्या बादलीत अंघोळीचे पाणी साधारण ४० अंश सेल्सिअसचे लागते. टाकीतील पाणी ६० अंश आणि नळाचे २५ अंश धरले, तर एका बादलीस सुमारे ९ लिटर गरम पाणी पुरते. कडाक्याच्या थंडीत नळाचे पाणी १८ अंशांवर आले, तरी साडेदहा लिटर लागते. चौघांच्या कुटुंबात प्रत्येकी दोन बादल्या धरल्या, तरी हिशेब ७० ते ८५ लिटरच्या आत बसतो. म्हणजे बादलीने अंघोळ करणाऱ्या चौघांना १०० लिटरची यंत्रणा साधारणपणे पुरते. शॉवर, भांडी, कपडे किंवा पाहुण्यांचा राबता असेल, तर २०० लिटरचा विचार रास्त ठरतो. 'पुढे लागेल' एवढ्या कारणाने ३०० लिटरचे दरपत्रक पुढे आले, तर हा हिशेब समोर ठेवावा.

टाकीपासून न्हाणीघरापर्यंतचे अंतरही मोजावे. आतून २० मिलिमीटर व्यासाच्या १५ मीटर पाइपमध्ये पावणेपाच लिटर पाणी मावते. रात्रभर ते गार होते आणि सकाळी ओतून द्यावे लागते. म्हणून पाइपवरचे उष्णतारोधक आवरण दरपत्रकात आहे की नाही, हे पाहणे महत्त्वाचे. स्वस्त दरपत्रकातून पहिल्यांदा गळते ते हेच कलम.

लिटर मोठे, नळ्या कमी

सोलरची क्षमता टाकीच्या लिटरवर सांगितली जाते, परंतु पाणी तापते ते ऊन पडणाऱ्या पृष्ठभागावर. महाराष्ट्रात स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरवर दिवसभरात साधारण ५ युनिट इतकी सौर ऊर्जा पडते. दोन चौरस मीटरच्या पॅनेलवर १० युनिट पडली आणि त्यातील जवळपास निम्मी पाण्यात उतरली, असे धरू. १०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवण्यास सुमारे ४.६५ युनिट लागतात. म्हणूनच १०० लिटरला दोन चौरस मीटरचे एक सपाट पॅनेल, हे प्रमाण रूढ झाले आहे. २०० लिटरच्या टाकीला एकच पॅनेल देऊ करणारे दरपत्रक स्वस्त दिसते, परंतु त्यातून मिळणारे पाणी कोमटच असते.

नळ्यांच्या बाबतीत केवळ संख्या मोजून भागत नाही. बाजारात दोन मापे विशेष प्रचलित आहेत. एक ४७ मिलिमीटर व्यासाची आणि दीड मीटर लांबीची, दुसरी ५८ मिलिमीटर व्यासाची आणि १.८ मीटर लांबीची. मोठ्या नळीचा ऊन शोषणारा पृष्ठभाग लहान नळीच्या सुमारे दीडपट असतो. दोन दरपत्रकांत 'वीस नळ्या' असे सारखेच लिहिलेले असले, तरी माल सारखा असेलच असे नाही. नळ्यांची संख्या, व्यास आणि लांबी ही तिन्ही दरपत्रकात लिहून घ्यावीत.

टाकीच्या धातूचेही तसेच. नुसते 'स्टेनलेस स्टील' म्हणणे पुरेसे नाही. बोअरच्या पाण्यातील क्लोराइडमुळे ३०४ प्रतीच्या पोलादाला, विशेषतः वेल्डिंगपाशी, बारीक छिद्रे पडतात. ३१६ प्रतीत मॉलिब्डेनम असल्याने ते अधिक तग धरते आणि महागही असते. काचेसारखा लेप दिलेल्या साध्या पोलादाच्या टाकीत मॅग्नेशियमचा ॲनोड असतो. तो झिजतो आणि ठरावीक काळाने बदलावा लागतो. धातूची प्रत, पत्र्याची जाडी आणि उष्णतारोधक थराची जाडी यांचा उल्लेख नसेल, तर दोन दरांची तुलना करण्याला अर्थ उरत नाही.

सुरक्षिततेची एक बाब किमतीच्या वादात विसरली जाते. गच्चीवरील टाकीच्या पाण्यावर चालणाऱ्या सोलरला हवेचा उघडा पाइप असतो. त्यातून वाफ व दाब बाहेर पडतो. तो कधीही बुचाने बंद करू नये. घरात प्रेशर पंप असेल, तर दाब सहन करणारी टाकी आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह ही दोन्ही कलमे दरपत्रकात असलीच पाहिजेत. पावसाळ्यासाठी विजेची कॉइल असेल, तर थर्मोस्टॅट आणि अर्थिंग यांचा खर्च वेगळा दाखवलेला असावा.

कर आणि अनुदान

कराची ओळ नीट वाचावी. सोलर वॉटर हीटरवरील वस्तू व सेवा कर १८ जुलै २०२२ पासून १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे. विजेच्या साठवण गीझरवर मात्र २०१८ पासून १८ टक्के कर आहे. यंत्रणेच्या किमतीवर जुना १२ टक्के दर लावलेला आढळला, तर विचारणा करावी. ४० हजार रुपयांच्या यंत्रणेवर हा फरक २,८०० रुपयांचा होतो. 'बिलाशिवाय घेतल्यास स्वस्त' या सवलतीत वाचतो तो एवढाच पाच टक्के कर आणि हातून जाते ती हमी. पुढे तक्रार करायची झाल्यास पुरावाही उरत नाही.

अनुदानाच्या नावानेही दिशाभूल होते. सोलर वॉटर हीटरसाठीचे केंद्र सरकारचे भांडवली अनुदान २०१४ मध्ये बंद झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतील जास्तीत जास्त ७८ हजार रुपयांचे अनुदान छतावरील वीजनिर्मितीसाठी आहे, पाणी तापवण्याच्या यंत्रणेसाठी नाही. पुणे महापालिका सोलर हीटर असलेल्या मिळकतींना करात सवलत देते. मात्र यंत्रणा चालू स्थितीत असणे आवश्यक असते. त्यामुळे बंद पडलेला सोलर तसाच गच्चीवर ठेवण्याने तेही नुकसान होऊ शकते.

स्वस्त कोण, महाग कोण?

किमान तीन दरपत्रके घ्यावीत, हा सल्ला सर्वच देतात. परंतु ती एकाच मापाने मोजली नाहीत, तर उपयोग होत नाही. उदाहरणादाखल २०० लिटरची दोन दरपत्रके पाहू. यातील आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत. पहिल्यात ३६ हजार रुपये आणि 'कर वेगळा' असे लिहिले आहे. दुसऱ्यात सर्व मिळून ४५ हजार रुपये आहेत. पहिल्यावर पाच टक्के कर चढवला की ते ३७,८०० रुपये होते. पाइपची जोडणी व आवरणाचे ३,५०० रुपये, सामान गच्चीवर चढवण्याचे १,५०० आणि कॉइलचे १,८०० रुपये त्यात धरले, तर बेरीज ४४,६०० रुपयांवर जाते. दुसऱ्या विक्रेत्याने ही सर्व कामे धरली आहेत आणि जुन्या मालाच्या मोडीचे २,५०० रुपये वजा करण्याची तयारी दाखवली आहे. त्याचा खरा दर ४२,५०० रुपये ठरतो. वरवर नऊ हजारांनी महाग दिसणारे दरपत्रक प्रत्यक्षात २,१०० रुपयांनी स्वस्त निघाले.

मोडीचा मुद्दा किरकोळ समजू नये. जुन्या सपाट पॅनेलमधील तांबे किलोवर विकले जाते. 'जुना माल आम्ही फुकट उतरवून नेऊ' हे वाक्य उपकारासारखे उच्चारले जाते, परंतु तो माल ग्राहकाचा आहे. त्याचे वजन आणि भाव दोन्ही विचारावेत. जुना स्टँड गंजलेला नसेल, तर तोच वापरता येईल का, हेही पाहावे.

सर्वांत कमी दर म्हणजे रास्त दर नव्हे. ज्या दरपत्रकात प्रत्येक वस्तूचे माप, प्रत आणि किंमत लिहिलेली आहे आणि ज्यातून काय वगळले आहे तेही नमूद आहे, ते दरपत्रक प्रामाणिक मानता येते. त्यातील नफा अधिक वाटला, तर त्यावर बोलणी करता येतात. 'सर्वसमावेशक' एवढ्या एका शब्दावर बोलणीच करता येत नाहीत.

हमी कशाची आणि कोणाची?

'पाच वर्षांची हमी' हे शब्द मोघम असतात. टाकीची किती, नळ्यांची किती, कॉइलची किती, हे वेगवेगळे विचारावे. काचेच्या नळीची फूट हमीत बहुधा धरली जात नाही. जड पाण्याने झालेले नुकसानही अनेकदा वगळलेले असते. म्हणून घरातील पाण्याचा जडपणा तपासून घ्यावा आणि पाणी बोअरचे असल्यास ते दरपत्रकातच लिहून घ्यावे. हमी उत्पादकाची की बसवून देणाऱ्याची, हेही स्पष्ट असावे. आयएसआय चिन्ह असल्यास त्याखालील परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर पडताळता येतो.

संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. काही रक्कम मागणी नोंदवताना, मोठा भाग माल गच्चीवर आल्यावर आणि उरलेली रक्कम सलग दोन-तीन उन्हाच्या दिवसांत संध्याकाळी टाकीतील पाण्याचे तापमान मोजून झाल्यावर द्यावी. ही अट आधीच लिहिलेली असेल, तर वाद टळतो.

एवढे करूनही फसगत झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क लागत नाही. मात्र तेथे दरपत्रक, बिल आणि हमीपत्र हे तीन कागद लागतात.

बंद पडलेला सोलर दोन दिवसांत बदललाच पाहिजे, असे काही नसते. आठवडाभर बादलीभर पाणी गॅसवर तापवता येते. तेवढ्या अवधीत निदान लेखी मिळते, तीन दरपत्रके येतात आणि त्यांची एकाच मापाने तुलना होते. पुढची अनेक वर्षे गच्चीवर राहणाऱ्या वस्तूसाठी एवढी सवड काढणे ग्राहकाच्या हिताचेच आहे.