सायकलची लाज कशाला?

माझे वडील जळगावात एका डाळ मिलमध्ये हमाली करीत. वस्तीपासून मिल साडेचार किलोमीटर. चोवीस वर्षे ते सायकलनेच गेले आणि आले. पुढच्या दांडीवर मी, मागे कॅरिअरला डबा, हँडलला पिशवी, असा आमचा संसार त्या दोन चाकांवर चालला. मी बी. कॉम. झालो, कारकुनाची नोकरी लागली आणि पहिले काम काय केले, तर हप्त्याने मोटारसायकल घेतली. वडिलांची सायकल घरामागे भिंतीला टेकली ती टेकलीच. सायकलवर बसण्याची मला लाज वाटत होती, हे आज कबूल करतो.

पुढे काही वर्षांनी आमच्या विहारात रक्तदाब आणि साखर तपासणीचे शिबिर झाले. शिबिर भरवणाऱ्यांत मीही होतो. लोकांच्या रांगा लावता लावता शेवटी स्वतःचे बोट पुढे केले, तर साखर वाढलेली! डॉक्टर म्हणाले, "भाऊ, रोज अर्धा तास तरी शरीर हलले पाहिजे." मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, वेळ कुठे आहे?" त्यांनी विचारले, "कामावर कशाने जाता?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्याच दिवशी सायकल बाहेर काढली. टायर-ट्यूब नवे टाकले, चेनला तेल दिले, ब्रेकचे रबर बदलले. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून आल्या. पण त्याहून जास्त लागले ते लोकांचे बोलणे. चौकात एकाने विचारलेच, "काय भो, गाडी इकी टाकी का?" ऑफिसात कुणी हसले. घरी मुलगा म्हणाला, "पप्पा, माझ्या शाळेसमोरून जाऊ नका." मुलाचा राग आला नाही. ही लाज त्याने माझ्याकडूनच घेतली होती.

बंधू-भगिनींनो, माणूस कशावर बसतो यावरून त्याची किंमत करायची, ही रीत आपली नव्हे. ज्या सायकलवर आपल्या बापाने आपल्याला शाळेत पोहोचवले, ती गरिबीची खूण कशी?

आता थोडा हिशेब मांडतो, कारण हिशेब हा माझा धंदाच आहे. घर ते काम पाच किलोमीटर धरा. जाऊन-येऊन दहा, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे दोनशे साठ किलोमीटर. गाडी लिटरला पन्नास किलोमीटर चालते असे मानले आणि पेट्रोल शंभर रुपयेच धरले, तरी महिन्याला पाचशे वीस आणि वर्षाला सहा हजार दोनशे चाळीस रुपये होतात. ऑइल, सर्व्हिसिंग, विमा आणि हप्ता वेगळाच. एवढ्या पैशात मुलांची वह्या-पुस्तके येतात. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

दुसरा हिशेब शरीराचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे की प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. पाच किलोमीटरला वीस मिनिटे लागली, तर दोन्ही वेळची चाळीस आणि सहा दिवसांची दोनशे चाळीस होतात. व्यायामशाळेची फी नाही, वेगळा वेळ काढणे नाही. मात्र सायकल म्हणजे औषध नव्हे. माझी गोळी सुटलेली नाही, पण साखर आटोक्यात आहे आणि झोप चांगली लागते. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर एकदम उतरू शकते हे लक्षात ठेवून खिशात गूळ किंवा साखरेची पुडी ठेवावी.

आपल्या खान्देशचे ऊन कुणाला सांगायला नको. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे, डोक्याला उपरणे बांधावे, पाण्याची बाटली ठेवावी, भर दुपारी हट्ट करू नये. रात्रपाळीवाल्यांनी मागच्या मडगार्डला चमकणारी लाल पट्टी लावावी. ती काही रुपयांत मिळते.

रस्त्याचा प्रश्न मात्र एकट्याने सुटणारा नाही. पूर्वी सहा क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा आणि आता ५३ क्रमांकाचा महामार्ग जळगाव शहर चिरत जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना समांतर रस्ते हवेत, म्हणून जळगावकरांनी आंदोलने केली आहेत. धुळ्यात हाच महामार्ग मुंबई-आग्रा रस्त्याला मिळतो. सायकलवाल्याला अंगावर येणाऱ्या ट्रकपासून वाचवणारी जागा मागणे, हा चैनीचा प्रश्न नाही, हक्काचा आहे. ही मागणी आपणही लावून धरली पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझी भाची आठवीत असताना तिला सरकारी योजनेतून सायकल मिळाली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना अशी मदत मिळते. मी भेटायला गेलो, तर सायकल तिचा भाऊ फिरवत होता आणि ती तीन किलोमीटर पायी शाळेत जात होती. बहीण म्हणाली, "दादा, पोरीला पायी जायची सवय आहे." मी तिथेच बसून राहिलो. संध्याकाळी दाजींना म्हणालो, "दाजी, सायकल पोरीच्या नावाने आली, ती पोरीच्याच हातात दिसली पाहिजे." थोडी बोलाचाली झाली, पण सायकल तिला मिळाली. आज ती बारावीत आहे.

तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर बायांना सायकलही शिकवली गेली. हजारो कष्टकरी बाया सायकलवर बसल्या. पाणी, बाजार, शाळा, सभा, सगळीकडे त्या स्वतःच्या बळावर जाऊ लागल्या. आपल्या वस्तीतल्या आयाबहिणींना हे का जमू नये?

म्हणून एक सुचवतो. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढून विहारासमोर एक दिवस सायकल दुरुस्तीचे शिबिर घ्या. वस्तीतला पंक्चरवाला आपलाच असतो, त्याला त्या दिवसाची मजुरी द्या. भिंतीला टेकलेल्या दहा सायकली जरी चालू झाल्या, तरी शिबिर सार्थकी लागले. शेजारीच रक्तदाब आणि साखर तपासायला टेबल मांडा.

परवा रविवारी माझ्या मुलाने न सांगता आजोबांची सायकल पुसली आणि हवा भरून आणली. सोमवारी कामावर निघताना तो म्हणाला, "पप्पा, मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडा." मोठा झाल्यामुळे आता तो दांडीवर मावत नाही, मागे कॅरिअरवर बसला.